दोन बिंदूंची साक्ष



वसंतातील व्याख्यानांना साहित्य, इतिहास आणि राजकारण या विषयांची सवय असते. गणिताचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे शाळेतील फळा उभा राहतो, आणि त्याबरोबर थोडी धास्तीही. तरीही आज मी शाळेतलाच एक विषय आपणांपुढे मांडणार आहे. दोन बिंदू दिले असता त्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेचे समीकरण कसे काढावे, आणि ती रेषा दोन्ही अक्षांना कोठे छेदते हे कसे शोधावे, हा तो विषय होय. रीत सोपी आहे; ती सांगण्यास फारसा वेळ लागणार नाही. उरलेला वेळ मला दुसऱ्या एका प्रश्नासाठी हवा आहे. आपण जेथे कधी गेलो नाही, जेथे काही मोजले नाही, अशा ठिकाणाविषयी ही रेषा बोलू लागली, तर तिचे म्हणणे कितपत खरे मानावे? या प्रश्नाचे उत्तर चुकले तर केवळ परीक्षेतले गुण जात नाहीत. माणसांच्या योजना चुकतात.

प्रथम मूळ कल्पना पाहू. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील प्रबंधात रेषा आणि समीकरण यांची सांगड घातली. त्यांचे समकालीन पिएर द फर्मा हेही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. आज आपण एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा काढतो, आडवीला क्ष-अक्ष आणि उभीला य-अक्ष म्हणतो, आणि त्यांच्या छेदनबिंदूला आरंभबिंदू मानतो. मग कागदावरील प्रत्येक बिंदूला पत्ता मिळतो. आडवे किती अंतर जायचे तो त्याचा भुज, आणि उभे किती चढायचे ती त्याची कोटी. बिंदूला असा पत्ता मिळाला की भूमितीचा प्रश्न आकड्यांत उतरतो आणि बेरीज-भागाकाराने सुटू लागतो.

आता एक मेणबत्ती घेऊ. ती केव्हा पेटवली हे आपणांस माहीत आहे, पण तेव्हा ती किती लांब होती हे कोणी मोजलेले नाही. पेटवल्यानंतर एका तासाने ती २१ सेंटिमीटर भरली, आणि तीन तासांनी १५ सेंटिमीटर. भुज म्हणजे तास आणि कोटी म्हणजे उंची असे धरले, तर आपल्या हाती (१, २१) आणि (३, १५) हे दोन बिंदू आले. दोन तासांत उंची ६ सेंटिमीटरांनी घटली. म्हणजे दर तासाला ३ सेंटिमीटर. या दराला गणितात रेषेचा चढ म्हणतात. येथे रेषा उतरणीची आहे, म्हणून चढ उणे ३. एका तासाला २१ सेंटिमीटर होती, तर एक तास मागे जाता ती २४ असली पाहिजे. तेव्हा समीकरण झाले: य = २४ − ३क्ष. पडताळा पाहण्यासाठी दोन्ही बिंदू यात घालून पाहावेत. क्ष ठिकाणी १ घातला तर २१ येतात, ३ घातले तर १५ येतात. समीकरण बरोबर आहे.

या रेषेने दोन्ही अक्षांवर जे तुकडे कापले त्यांना अंतःखंड म्हणतात. ते काढण्याची युक्ती एका वाक्यात सांगता येते: ज्या अक्षावरील अंतःखंड हवा असेल, त्याच्या विरुद्ध अक्षराला शून्य करावे. क्ष शून्य केला की य = २४. हा य-अक्षावरील अंतःखंड, आणि ती मेणबत्तीची मूळची लांबी होय. य शून्य केला की ३क्ष = २४, म्हणून क्ष = ८. हा क्ष-अक्षावरील अंतःखंड, आणि तो सांगतो की आठव्या तासाच्या शेवटी मेणबत्ती विझेल. हेच समीकरण क्ष/८ + य/२४ = १ असे मांडले तर दोन्ही अंतःखंड छेदांत उघडच दिसतात. दोन मोजमापांवरून आपण न पाहिलेला आरंभ आणि न पाहिलेला शेवट, दोन्ही सांगितले. अंतःखंडाचे महत्त्व या ठिकाणी आहे.

सर्वसाधारण रीत हीच. दोन कोट्यांतील फरकाला दोन भुजांतील फरकाने भागावे, तो चढ. मग कोणत्याही एका बिंदूपासून य-अक्षापर्यंत त्या चढाने मागे किंवा पुढे जावे. तो य-अक्षावरील अंतःखंड. चढाला म आणि अंतःखंडाला क म्हटले की समीकरण होते: य = म × क्ष + क. काही अपवाद मात्र ध्यानात ठेवावेत. दोन्ही बिंदूंचे भुज सारखे असतील तर रेषा अगदी उभी असते, भागाकारात शून्याने भागण्याची वेळ येते, आणि चढ सांगताच येत नाही. अशा रेषेचे समीकरण ‘क्ष बरोबर अमुक’ एवढेच असते. कोट्या सारख्या असतील तर चढ शून्य आणि रेषा आडवी. आणि रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर दोन्ही अंतःखंड शून्य.

हा शेवटचा प्रकार आपल्याकडे फार जुन्या ओळखीचा आहे. त्याचे नाव त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, त्रैराशिकाला गणितात फार मोठा मान दिलेला आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी दिल्या की फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. चौथी राशी मिळते. पाच शेर धान्याला इतके, तर आठ शेरांना किती? या हिशेबात गृहीत असते की शून्य शेरांना शून्य पैसे. म्हणजे रेषा आरंभबिंदूतून जाते. जेथे ती तशी जात नाही, तेथे सरळ त्रैराशिक मांडणारा फसतो.

उदाहरण घरातलेच घ्या. मुलाला ताप आला की आपण ‘१०२ आहे’ म्हणतो, आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्र वाचून ‘पारा ४० वर गेला’ म्हणतो. पहिला आकडा फॅरनहाइटचा, दुसरा सेल्सिअसचा. बर्फ वितळते तेव्हा सेल्सिअस ० आणि फॅरनहाइट ३२. पाणी उकळते तेव्हा सेल्सिअस १०० आणि फॅरनहाइट २१२. आता कोणी म्हणेल, १०० ला २१२, तर ५० ला १०६. हे चूक आहे. कारण शून्याला शून्य नाही, शून्याला ३२ आहेत. येथे त्रैराशिक राशींचे मांडायचे नसते, राशींतील फरकांचे मांडायचे असते. १०० अंशांच्या फरकाला १८० अंशांचा फरक, म्हणून चढ १.८; आणि समीकरण, फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. पन्नासाला १२२ येतात. निरोगी शरीराचे ३७ घालून पाहिले तर ९८.६ येतात, तो आकडा आपल्या ओळखीचा आहे. दुसरा अंतःखंड काढायचा तर फॅरनहाइट शून्य करावे. सेल्सिअस उणे १७.८ च्या जवळ येते. दोन बिंदूंचे समीकरण म्हणजे फरकांचे त्रैराशिक, एवढे ध्यानी धरले तर सूत्र पाठ करावे लागत नाही.

आपल्या ज्योतिर्गणितज्ञांना हे फरकांचे त्रैराशिक चांगलेच अवगत होते. त्यांच्या ज्यासारणीत पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस ज्या दिलेल्या असत. मधल्या कोनाची ज्या हवी असेल तर लगतच्या दोन ज्यांमधील अंतर घेऊन त्रैराशिक करीत. पण ज्या सरळ रेषेत वाढत नाही, तिची वाट वाकडी आहे, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून ब्रह्मगुप्ताने ६६५ च्या सुमारास लिहिलेल्या खंडखाद्यकात फरकांचेही फरक विचारात घेणारी सुधारलेली रीत दिली. दोन बिंदूंमधून रेषा ओढणे ही सोय आहे. वस्तू खरोखर त्या रेषेवरून चालते की नाही हा निराळा प्रश्न आहे. हा भेद त्या थोर गणितज्ञाने ओळखला होता. तो ज्याच्याकडून सुटला त्याचे काय होते, आणि ज्याने नीट सांभाळला त्याला काय लाभते, हे आता दोन उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण पदार्थविज्ञानातील आहे. फ्रान्समधील जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांनी १८०२ साली वायूंच्या प्रसरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजमापाप्रमाणे दाब कायम ठेवून हवा शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवली तर १०० भाग हवेचे १३७.५ भाग होतात. म्हणजे आपल्या हाती दोन बिंदू आले: (०, १००) आणि (१००, १३७.५). चढ ०.३७५. समीकरण, आकारमान = १०० + ०.३७५ × उष्णतामान. य-अक्षावरील अंतःखंड १००. त्यात नवल नाही, तो तर मोजलेलाच आहे. पण दुसरा अंतःखंड काढून पाहा. आकारमान शून्य केले तर उष्णतामान येते उणे १०० भागिले ०.३७५, म्हणजे उणे २६७ च्या जवळपास.

पुढे आँरी रेन्यो यांच्यासारख्या काटेकोर मापकांनी तेच प्रयोग अधिक काळजीने केले आणि १०० भागांची वाढ ३६.६ च्या आसपास ठरली. १८४८ साली विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, उष्णतामानाच्या निरपेक्ष मापावर एक निबंध लिहिला. त्यात हाच भागाकार आहे: १०० भागिले ०.३६६, म्हणून उणे २७३. जेथे हवेचे आकारमान शून्य व्हावे असा तो बिंदू. आज तो उणे २७३.१५ मानला जातो, आणि त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात.

आता कोणीही सुज्ञ श्रोता येथे आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. हवा नाहीशी कशी होईल? होत नाही. तितके खाली जाण्याच्या पुष्कळ आधी हवेचा द्रव होतो. प्राणवायू उणे १८३ अंशांना आणि नत्रवायू उणे १९६ अंशांना द्रवरूप होतो. सर्वांत हट्टी वायू हेलियम. तोही १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी द्रवरूप केला. तो उणे २६९ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे रेषा अक्षापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत तुटते. मग केल्व्हिन यांचा अंतःखंड ही नुसती आकड्यांची करामत समजायची काय?

तसे नाही. याचे पहिले कारण असे की साक्ष एकट्या हवेची नव्हती. हायड्रोजन, प्राणवायू, नत्रवायू या निरनिराळ्या वायूंची निरनिराळी परिमाणे घेऊन रेषा काढल्या, तर त्यांचे चढ वेगळे येतात, य-अक्षावरील अंतःखंड वेगळे येतात, पण मागे वाढवल्यावर त्या जवळजवळ एकाच बिंदूकडे जातात. वायू जितका विरळ करावा तितकी ही एकवाक्यता वाढते. दुसरे कारण त्याहून भक्कम आहे. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांच्या सिद्धान्तावरून, कोणत्याही विशिष्ट पदार्थाचा आधार न घेता, उष्णतामानाचे माप बांधता येते. आणि त्या मापाचे शून्यही तेथेच येते. रेषेने ज्या जागेकडे बोट दाखवले, त्या जागी स्वतंत्र विचारानेही पोहोचता आले. ती जागा खरी आहे, मात्र ती हवेच्या नाहीसे होण्याची जागा नव्हे; थंडीची ती शेवटची सीमा आहे. प्रयोगशाळांनी तिच्या अगदी जवळ जाऊन पाहिले आहे, पण तेथे प्रत्यक्ष पोहोचता येत नाही, हेही शास्त्राने सिद्धान्त म्हणून मांडले आहे.

या उदाहरणात आणखी एक धडा आहे. गे-ल्युसॅक यांचा आकडा १३७.५ आणि नंतरचा १३६.६; फरक शंभरात एकाहूनही कमी. पण अंतःखंड सहा अंशांहून अधिक सरकला. हे झाले दोन बिंदू शंभर अंश दूर असताना. समजा, कोणी शून्य आणि दहा अंश एवढ्याच दोन ठिकाणी मोजमाप केले आणि तेवढीच, ०.९ भागांची, चूक केली. बरोबर आकडा १०३.६६, चुकीने तो १०४.५६ झाला तर अंतःखंड येईल उणे २१९, आणि १०२.७६ झाला तर उणे ३६२! चूक तेवढीच, पण बिंदू जवळजवळ असल्याने तिचा विस्तार भयंकर झाला. आखूड पट्टी टेकवून लांब रेघ मारू लागलो की पट्टी केसभर हलली तरी रेघेचे टोक हातभर सरकते. सुतार ओळंबा लांब दोरीचा का धरतो, याचे कारण हेच होय.

आता दुसरे उदाहरण आपल्या देशाचे. १९५१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या ३६.१ कोटी भरली, आणि १९६१ च्या जनगणनेत ४३.९ कोटी. हे आकडे अफवेचे नव्हेत. घरोघर जाऊन मोजलेले आहेत. दोन बिंदू मिळाले. दहा वर्षांत ७.८ कोटी, म्हणून चढ दर वर्षाला ०.७८ कोटी. रीत तीच, भागाकार तोच. आता अंतःखंड काढू. लोकसंख्या शून्य केव्हा होती? ३६.१ भागिले ०.७८, म्हणजे १९५१ पूर्वी ४६ वर्षे. या रेषेच्या साक्षीप्रमाणे १९०५ साली भारतात एकही माणूस नव्हता! टिळक, गोखले, स्वदेशीची चळवळ, सारे त्या काळचे. आणि रेषा सांगते की तेव्हा देश निर्मनुष्य होता. प्रत्यक्षात १९०१ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीत सुमारे २३.८ कोटी लोक होते.

मागे जाताना रेषेने हसवले. पुढे जाताना तिने कोणाला हसू येऊ दिले नसते. तीच रेषा पुढे वाढवली तर १९७१ साली ५१.७ कोटी यायला हवेत, आले ५४.८ कोटी. २०११ साली तिच्या हिशेबाने ८२.९ कोटी, आले १२१ कोटी. फरक ३८ कोटींचा, म्हणजे १९५१ च्या साऱ्या भारताहूनही अधिक. तेवढ्यांसाठी धान्य, शाळा, दवाखाने आणि पिण्याचे पाणी लागते. केवळ या रेषेवर विसंबून कोणी धरणे आणि शाळा आखल्या असत्या, तर चूक कागदावर राहिली नसती. ती लोकांच्या ताटात आणि घागरीत उतरली असती.

भागाकारात चूक नव्हती. मग रेषा फसली का? कारण माणसे मेणबत्तीसारखी ठरलेल्या दराने कमी-जास्त होत नाहीत. जितकी माणसे अधिक तितकी जन्मणारी मुले अधिक. तेव्हा वाढीचा दरच वाढत जातो, आणि पुढे कुटुंबे लहान झाली की तोच दर मंदावतो. शिवाय मागच्या काळात प्लेग, दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होऊन गेली. १९११ ते १९२१ या दशकात तर लोकसंख्या किंचित घटली. या साऱ्यांपैकी १९५१ आणि १९६१ या दोन बिंदूंना काहीही ठाऊक नव्हते. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: १९७१ चा एकच तिसरा बिंदू जवळ घेतला असता तरी रेषेचा खोटेपणा उघडा पडला असता.

येथे मूळ मुद्दा स्पष्ट होतो. दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे भूमितीचे वचन आहे आणि ते कधी मोडत नाही. पण यामुळेच दोन बिंदू रेषेविरुद्ध कधी साक्ष देऊ शकत नाहीत. कोणतेही दोन बिंदू घ्या, रेषा त्यांच्याशी तंतोतंत जुळतेच. जुळण्यात तिची परीक्षा मुळी होतच नाही. परीक्षा सुरू होते ती तिसऱ्या बिंदूपासून. सरकारी अहवालात, व्यापाऱ्याच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या भाषणात जेव्हा ‘तेव्हा इतके होते, आता इतके झाले, म्हणून उद्या इतके होईल’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याने दोन बिंदू दाखवलेले असतात आणि अंतःखंडापर्यंतचा प्रवास आपल्याकडून फुकट करून घेतलेला असतो.

म्हणून रेषेचे समीकरण मांडून अंतःखंड काढल्यावर तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पहिला, दोन बिंदू एकमेकांपासून पुरेसे दूर होते काय? दुसरा, तिसऱ्या बिंदूची साक्ष घेतली काय? तिसरा, रेषा सरळच राहावी असे काही कारण त्या वस्तूच्या स्वभावात आहे काय? मेणबत्तीच्या बाबतीत ते कारण जळण्याच्या संथ गतीत होते, आणि वायूच्या बाबतीत ते पुढे शास्त्राने शोधून काढले. लोकसंख्येच्या बाबतीत ते मुळात नव्हतेच.

शाळेत जाणाऱ्या मुलांना आपण समीकरण काढण्याची रीत शिकवतो आणि ती शिकवलीच पाहिजे; तिच्यावाचून निरपेक्ष शून्याचा पत्ता लागला नसता. पण वहीत उत्तर लिहून झाल्यावर मुलाला आणखी एक ओळ लिहायला सांगावी: ही रेषा कोठपर्यंत खरी? त्या एका ओळीसाठी गुण ठेवले तर, मला वाटते, पुढे मोठेपणी तो नागरिक म्हणून आकड्यांना सहसा फसणार नाही.